आधी मांडव, मग डबा

मे महिन्यात दुपारी तीनला पत्र्याच्या बंद खोलीत कधी अर्धा तास बसला नसाल, तर आधी तेवढं करून या. मग पुढचं वाचा. चाकांवरची छोटी खोली, शेतात स्वतःची वीज, ना बिल ना शेजार, हे चित्र मोबाइलवर फार देखणं दिसतं. पण ते बहुतेक थंड मुलखातलं असतं. तिथला सगळा खटाटोप ऊब धरून ठेवण्याचा. आपल्याकडे सगळं उलटं.

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या आमच्या वावरात मी असे चार उन्हाळे काढले. ट्रेलरच्या चेसीवर बांधलेली सोळा बाय आठ फुटांची खोली. गावात सगळे तिला 'डबा' म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्या वर्षी सगळे पैसे सोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये घातले, सावलीवर एक रुपया नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी आत ४७ अंश झाले, खिडकीचं सीलंट मऊ होऊन ओघळलं आणि तापलेल्या बॅटरीने स्वतःला बंद करून घेतलं. पंखा थांबला. आमचे चुलते, तात्या, बांधावरच्या कडुलिंबाखाली बाजेवर पडून हा तमाशा बघत होते. म्हणाले, "बाप्पा, माणूस आधी मांडव घालतंय, मग नवरदेव आणतंय. तू उलटंच केलंस."

तेव्हापासून जो कोणी विचारायला येतो त्याला मी हाच क्रम सांगतो: आधी सावली, मग पाणी, वीज सगळ्यात शेवटी.

जागा

काळ्या रानात डबा थेट उभा करू नका. रेगड माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. एक चाक रुतलं की दार लागत नाही, आणि खिडकी उघडली तर परत बसत नाही. डब्याच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त जागेतली वरची काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा. चाकांवरचा भार काढून चेसी दगडी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्या, कारण उन्हात उभे राहिलेले टायर न चालवताही दोन-तीन वर्षांत तडकतात. सपाटीसाठी महागडं काही लागत नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, तशीच काढा.

डब्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला जातील आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडेल. दार उत्तरेला. पश्चिमेला लिंब, चिंच असं मोठं झाड असेल तर सोन्याहून पिवळं, मात्र डबा फांद्यांच्या खाली नको. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडते, एकट्या झाडावर वीज पडते, आणि झाडाची सावली पॅनेलवर आली की सोलरची वीज एकदम घटते. तीस-चाळीस फुटांवरचं झाड उत्तम.

ओढ्याकाठची सपाट, थंडगार जागा मार्चमध्ये मोहात पाडते. सप्टेंबरमध्ये तीच जागा एकदा बघून या. आणि पाण्याचा टँकर डब्यापाशी पोहोचेल असा रस्ता आहे का, तेही बघा. पाणंदीवर अतिक्रमण असेल तर तो वाद आधी मिटवा. डबा आणल्यावर तो वाद दुप्पट होतो.

कायद्याचं थोडक्यात. चाकं आहेत म्हणून डबा रस्त्यावरून वाट्टेल तसा ओढता येत नाही. ट्रेलरची आरटीओकडे नोंदणी लागते आणि रुंदी २.६ मीटरच्या आत लागते. सातबारा स्वतःचा असला तरी तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याशी आधी बोलून घ्या. पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर अकृषिक वापराचे नियमही तिथेच विचारून घ्या.

डबा घेताना

नुसत्या पत्र्याचा, आत प्लायवूड मारलेला डबा स्वस्त मिळतो. घेऊ नका. निदान ५० मिलिमीटर पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) भिंती आणि छत घ्या. बाहेरचा रंग पांढरा. गडद राखाडी फोटोत छान दिसतो, पण त्याच्यावर मेमध्ये हात टेकवत नाही. समोरासमोर मोठ्या खिडक्या, वर छताजवळ गरम हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट. गॅसची टाकी आत ठेवणार असाल तर जमिनीलगत एक जाळीदार भोक हवंच, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. माझी टाकी बाहेर, उत्तरेच्या सावलीत आहे. तुम्हीही तसंच करा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: लोखंडी डब्यात मोबाइलची रेंज जाते. इंटरनेटवर काम करायचं असेल तर हॉटस्पॉटचा फोन खिडकीच्या चौकटीत, सावलीत. उन्हात ठेवला तर तोही तापून बंद पडतो.

मांडव

डब्याच्या वर, त्याला न चिकटता, दुसरं छप्पर. लोखंडी पाइपांचे खांब, वर पांढरे कोटेड पत्रे, डब्याच्या छतापासून दोन फूट उंच आणि चारी बाजूंनी चार-चार फूट बाहेर. म्हणजे सोळा बाय आठच्या डब्यावर चोवीस बाय सोळाचा मांडव. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधल्या मोकळ्या जागेतून वारा तापलेली हवा उडवून नेतो आणि डब्याच्या छतावर थेट ऊन येतच नाही. दुसऱ्या वर्षी मी मांडव घातला. बाहेर ४२ असताना जिथे आत ४७ व्हायचे, तिथे ४० ते ४१ राहिले. पंखा नाही, कूलर नाही, केवळ सावली.

खांबांसाठी काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, काँक्रीट भरा. पत्रे जे-बोल्टने घट्ट आवळा. मे अखेरचं वादळ पत्रे पतंगासारखे उडवतं आणि उडालेला पत्रा शेजारच्या वावरात माणूस कापू शकतो.

पश्चिमेची बाजू वेगळी सांभाळावी लागते, कारण चार ते सहाचं ऊन आडवं आत घुसतं. तिथे ७५ टक्क्यांचं हिरवं शेडनेट मांडवाच्या कडेपासून खाली सोडा, जमिनीपाशी फूटभर मोकळं ठेवा. पैसा वाचवायचा असेल तर तुराट्यांचा कूड घाला. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पिढ्यानपिढ्या तोच असतो आणि नेटपेक्षा तो थंड असतो. छपरावर उसाचं पाचट टाकायला बरेच जण सुचवतील. थंडावा खरा, पण त्यात उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात, आणि एका ठिणगीचं काम असतं. ऊसतोडीला जाणारी आमच्याकडची माणसं कारखान्यावर पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने काढतात. विजेच्या खांबाशिवाय जगण्यात त्यांच्याइतकं कोणी मुरलेलं नाही. त्यांना विचारा, चूल कोपीपासून किती लांब ठेवतात ते.

आपल्या जुन्या माळवदांना मांडव लागत नसे. दोन-तीन फुटी भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात तीच जड छतं माणसांवर आली आणि त्या पट्ट्यात पत्र्यावर भरवसा बसला. पत्रा झटकन तापतो, पण झटकन निवतोही. रात्री नऊला माझा डबा गावातल्या स्लॅबच्या घरापेक्षा थंड असतो. तिथे भिंती मध्यरात्रीपर्यंत वाफ टाकतात.

पाणी

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात राहतोय हे धरून हिशेब करा.

फ्लशचा संडास नसेल तर एका माणसाला दिवसाला ४५ लिटर पुरतात. दोघांचे ९०. त्यात कूलर. मेमध्ये तो तासाला पाच-सहा लिटर पितो, आठ तास चालवला तर ४५ लिटर. म्हणजे कूलर हे घरातलं तिसरं माणूस धरा. एकूण १३५ लिटर. पाच हजार लिटरचा टँकर ३७ दिवस जातो. मेमध्ये टँकर सांगितल्या दिवशी येत नाही, म्हणून साठा अर्ध्यावर आला की फोन करायचा.

टाक्या डब्यावर चढवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन. मांडवाच्या उत्तर कडेला दगडी ओट्यावर ठेवा आणि दाबासाठी साठ वॉटचा छोटा बारा व्होल्टचा पंप लावा. काळी टाकी उन्हात असली तर दुपारी नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही. पांढरी किंवा सावलीतली टाकी, वर ओलं गोणपाट. प्यायला माठ. लिंबाखाली वाळूच्या ओट्यावर ठेवलेल्या माठाचं पाणी फ्रीजच्या पाण्यापेक्षा घशाला बरं, आणि त्याला वीज लागत नाही.

बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते होतं. आमच्या पाण्यात क्षार इतके की कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात सिमेंटसारख्या झाल्या. आता दर चार दिवसांनी कूलरचं पाणी पूर्ण काढून टाकतो. डासांच्या अळ्याही त्यातच जातात.

इथे मांडव दुसऱ्यांदा कामाला येतो. चोवीस बाय सोळा म्हणजे सुमारे ३५ चौरस मीटर पत्रा. एक मिलिमीटर पाऊस पडला की ३५ लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला आणि सांडलवंड वजा केली तरी वीस हजार लिटर. पन्हाळ लावा, पहिला पाऊस वाहू द्या, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. मग टाकीत घ्या. हे पाणी मऊ असतं. पाणी लागणाऱ्या बॅटरीत मात्र हे घालू नका, तिथे डिस्टिल्डच.

वीज

लोक विचारतात, शेतात लाइन आहे की, मग हा उद्योग कशाला? शेतीपंपाच्या फीडरला वीज ठरावीक तासच, कुठे दिवसा, कुठे रात्री. त्याच्यावर घर चालत नाही. सौर कृषी पंप असेल तर पाणी दिवसा मिळेल. पण त्याचा कंट्रोलर पंपासाठीच असतो. त्याच्यातून घर चालवायचा जुगाड करू नका.

आधी यादी करा. माझी मेमधली अशी. तीस वॉटचे, कमी विजेवर चालणारे बीएलडीसी पंखे दोन, चौदा तास: ८४० वॉट-तास. जुना साधा पंखा एकटाच ७५ वॉट घेतो, तो आणूच नका. दिवे १८०, लॅपटॉप ३००, राउटर आणि मोबाइल २४०. छोटा फ्रीज ७००. कूलर १३० वॉटचा, आठ तास: १०४०. बेरीज ३३००, म्हणजे ३.३ युनिट. इन्व्हर्टर स्वतः खातो तेही धरा आणि चार युनिट समजा.

एक किलोवॉटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट देतात. कागदावर पुरतात, मेमध्ये पुरत नाहीत. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असा समज असतो. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. पॅनेलचा वॉटचा आकडा २५ अंशांचा असतो. मेमध्ये पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे १५ टक्के इथेच गेली. वर धूळ. म्हणून ५४० वॉटची तीन पॅनेलं घ्या, मांडवाच्या पत्र्यापासून निदान सहा इंच उंच बसवा, खालून वारा खेळू द्या. धुवायची ती पहाटे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते.

बॅटरी हे या घरातलं सगळ्यात नाजूक प्राणी. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास अर्धं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त टिकते, पण ४५ ते ५५ अंशांच्या आसपास तिचं आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. माझी पहिल्या वर्षी अशीच तुटायची. बसवून देणाऱ्याने ती पश्चिमेच्या भिंतीला, पलंगाखालच्या बंद पेटीत ठेवली होती आणि मीही काही बोललो नव्हतो. आता ती उत्तरेच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, जाळीच्या दाराच्या कपाटात आहे. लेड-ॲसिड घेतली तर झोपायच्या जागेत ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. रात्रीचं माझं खाणं १७०० वॉट-तासांच्या आसपास आहे. २४ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम त्याला पुरते.

एसीचं विचारू नका. एक टनाचा एसी चालतो, पण त्याच्यासाठी पॅनेल आणि बॅटरी दुप्पट-तिप्पट करावी लागते. कोरड्या हवेत कूलर पुरेसा आहे. तो उत्तरेच्या खिडकीत, बाहेरून सावलीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद केली की अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि लोक कूलरला शिव्या देतात. मृगानंतर हवेत ओल आली की कूलर झाकून ठेवायचा. तेव्हा पंखाच.

आणि वायरी. उंदराला त्या फार आवडतात. सगळ्या पाइपातून न्या.

दिवस कसा लावायचा

यंत्रं असूनही अकरा ते पाच या वेळेत मराठवाड्याचं ऊन जिंकतं. पहाटे पाचला उठून अंगमेहनतीची कामं नऊच्या आत संपवायची. स्वयंपाक सकाळीच. ज्वारीची भाकरी, ठेचा, धपाटे, ताक, दुपारी शिळं झालं तरी बिघडत नाही असं खायचं. दुपारी डब्यात बसण्याचा हट्ट धरू नका, मांडवाच्या उत्तर कडेला बाज टाका. पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी तहान लागायच्या आधी. घाम थांबला, अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं की तो उष्माघात. माणसाला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. अशा अवस्थेत तोंडात पाणी ओतू नका.

संडासाचं: काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात शोषत नाही, उलट भरून वर येतो. खड्डा मुरमापर्यंत न्या, नाहीतर राख किंवा भुसा टाकायचा कोरडा संडास करा. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी केळी-आळूला सोडा.

पायाखाली काय आहे

रात्री टॉर्चशिवाय पाय खाली टाकायचा नाही. बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. डब्याखालची गार, अंधारी पोकळी ही उंदीर, विंचू, सापांसाठी धर्मशाळाच. तिथे लाकडं, कडबा, रिकाम्या गोण्या काहीही रचू नका. बाहेर झोपायचं तर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार झोपेतल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर वाट बघू नका. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. अवयव हलू न देता दवाखाना गाठायचा. कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत हे डबा आणायच्या आधीच विचारून ठेवा.

लाल विंचवालाही हलकं घेऊ नका. त्याच्या विषावर प्राझोसिन वापरायचा उपचार रूढ केला तो मूळच्या जालना जिल्ह्यातल्या आणि महाडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. मंत्र-तंत्रात वेळ घालवणारा माणूस हा उपचार हुकवतो.

मृगाच्या आत

सात जूनच्या आधी माझे चार-पाच दिवस यातच जातात. मांडवाचे बोल्ट पुन्हा आवळायचे. शेडनेट काढून ठेवायचं, ते वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि खांब वाकवतं. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीसारखी गार पडली तर पॅनेलं झाकायला जाड ताडपत्री हाताशी ठेवतो. डब्याची चेसी आणि मांडवाचे खांब अर्थिंगला नीट जोडलेले आहेत का ते बघायचं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं. मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. इशारा आला की बाजेवरून उठून डब्यात, दारं-खिडक्या लावून, लोखंडाला न टेकता बसायचं. लिंबाखाली तर अजिबात थांबायचं नाही.

सगळ्यात शेवटी रस्ता. पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या रानात राड होते. मोटारसायकलचं चाक मडगार्डात अडकतं, टँकर बांधावरूनच परत जातो. गेल्या वर्षी मुरूम टाकायचा राहिला. जुलैत गॅसची टाकी संपली, तेव्हा तात्यांची बैलगाडी होती म्हणून नवी आणता आली. डब्यापासून पाणंदीपर्यंत चार ट्रॉल्या मुरूम लागतो. तो मेमध्येच टाकून घ्या. जूनमध्ये मुरूम घेऊन येणारा ट्रॅक्टरच रुततो.